निवृत्तीनंतर स्पेन: ब्रिटिश पासपोर्ट, पौंडातली पेन्शन आणि पुण्यातला फ्लॅट

समुद्रकाठ

नमस्कार मंडळी.

"ब्रिटनमधून निवृत्त होऊन स्पेनला यावं का?" हा प्रश्न अलीकडे इतक्या ओळखीच्या लोकांनी विचारला की आता एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. आम्ही दोघं लेस्टरचं बिऱ्हाड आवरून २०१९ साली अलिकान्ते प्रांतात आलो. पासपोर्ट ब्रिटिश, पेन्शन पौंडात, मुलगी बर्मिंगहॅमला आणि कोथरूडला एक फ्लॅट. आमच्या गल्लीतली बरीचशी घरं इंग्रज पेन्शनरांची आहेत. त्यांचे आणि आमचे पैशाचे प्रश्न बहुतेक सारखेच, फक्त आमच्या हिशेबात भारत नावाचं तिसरं खातं आहे.

कळकळीने सांगायचं ते एवढंच, की घर बघायला येण्याआधी क्रम ठरवा. काय विकायचं, कोणती रक्कम आधी उचलायची, मुक्काम कोणत्या महिन्यात हलवायचा, हे सगळं ब्रिटनमध्ये बसूनच ठरलं पाहिजे. समुद्र दिसणारी गच्ची नंतरही मिळते.

स्पेनचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. त्या वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की अख्ख्या वर्षासाठी तुम्ही इथले करदाते. मग जगभरातलं उत्पन्न इथे दाखवायचं. ब्रिटनमध्ये आल्या-गेल्याच्या तारखेला वर्ष दोन भागांत तोडून मिळतं, तशी सोय इथे नाही. म्हणून बिऱ्हाड आणि पैसा अजून ब्रिटनमध्ये असेल, तर वर्षाच्या उत्तरार्धात हलणं सोयीचं. मधल्या काळात दोन कामं उरकून घ्या. खाजगी पेन्शनमधली २५ टक्के रक्कम ब्रिटनमध्ये करमुक्त मिळते. स्पेनचे करदाते झाल्यावर तीच उचललीत तर इथे तिच्यावर कर लागतो. राहतं घर विकायचं असेल तर तेही निघण्याआधी. आयसा, म्हणजे ब्रिटनमधलं करमुक्त बचत-गुंतवणुकीचं खातं, त्याची करमुक्ती स्पेन मानत नाही, त्यातलं व्याज आणि नफा इथे करपात्र. ब्रिटन सरकारच्या प्रीमियम बाँडवर सोडतीत लागणारं बक्षीससुद्धा.

बचतीवरच्या उत्पन्नाला इथे पहिल्या ६,००० युरोंपर्यंत १९ टक्के, पुढे ५०,००० पर्यंत २१ टक्के, त्यापुढे आणखी चढते दर. ब्रिटनमधली १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा डोक्यातून काढून टाका. इथे पासष्टीनंतरची वैयक्तिक सूट ६,७०० युरो आहे. कमी उत्पन्नाला वेगळी सवलत मिळते, पण दर महिन्याचा हिशेब ब्रिटनच्या आकड्यांवर बेतू नका.

विचारा, जमेल तसं उत्तर देईन. इथे बरीच जाणकार मंडळी आहेत, त्यांनीही भर घालावी.

रेडिंगकर

काका, फार उपयोगाचं लिहिलंत. मी ६१, बायको ५८. दोघांचेही ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड). आम्हाला आता नव्याने यायचं असेल तर काय? तुम्ही ब्रेक्झिटच्या आधी गेलात, तुमचं निराळं असणार. की निम्मं वर्ष इथे आणि निम्मं तिथे असं जमतं?

समुद्रकाठ

निम्मं वर्ष सलग जमत नाही. ब्रिटिश पासपोर्टवर आता कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि ते सगळ्या शेंगेन देशांचे, म्हणजे आपापसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांचे, मिळून. ऑक्टोबर ते मार्च सलग इथे काढणारी इंग्रज मंडळी पूर्वी खूप होती, त्यांची ती घडी २०२१ पासून मोडली. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी यंत्रणा सुरू झाली आहे. दिवस आता यंत्र मोजतं, शिक्क्यांवर काही अवलंबून नाही.

३१ डिसेंबर २०२० पूर्वी इथे राहत असलेल्यांचे हक्क ब्रेक्झिटच्या करारामुळे टिकले. आमच्याकडे तिये नावाचं रहिवासी कार्ड आहे, विमानतळावर पासपोर्टबरोबर ते दाखवायचं. नव्याने येणाऱ्यांबद्दल शेवंतीला जास्त माहिती आहे, तिने आई-वडिलांचं सगळं केलंय.

शेवंती

हो, सांगते. मी वॅलेन्सियात नोकरी करते, आई-बाबा मिल्टन कीन्सहून आले. त्यांना 'नो लुक्रातिवा' व्हिसा मिळाला. म्हणजे इथे काम करायचं नाही, स्वतःच्या पैशावर राहायचं. एका माणसाला महिन्याला २,४०० युरो, म्हणजे वर्षाला २८,८०० युरोंचं उत्पन्न किंवा बचत दाखवावी लागते. सोबतच्या प्रत्येकासाठी वर्षाला आणखी ७,२००. शिवाय दरवेळी खिशातून काही भरावं लागणार नाही असा खाजगी आरोग्यविमा, ब्रिटनच्या पोलिसांचा दाखला आणि डॉक्टरचं पत्र. अर्ज ब्रिटनमधूनच. पाच लाख युरोंचं घर घेऊन मिळणारा गोल्डन व्हिसा ३ एप्रिल २०२५ ला बंद झाला, त्याची जाहिरात अजून कुणी करत असेल तर लांब राहा.

रेडिंगकर काका, तुमच्या पिढीने एक गोष्ट आजच तपासावी. लग्नाचा नोंदणी दाखला आहे का? आई-बाबांचं लग्न साताऱ्याला झालेलं. लग्नपत्रिका होती, फोटो होते, नोंदणी नव्हती. ब्रिटनमध्ये इतकी वर्षं कुणी मागितलाच नाही. इथे जोडीदार म्हणून अर्ज करायचा तर नोंदणी दाखला, त्यावर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचं प्रमाणपत्र) आणि मग स्पेनच्या मान्यताप्राप्त अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर. मामाने हेलपाटे घातले म्हणून झालं. व्हिसाच्या सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ त्या एका कागदाने खाल्ला.

आणि नाव! स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात. आपलं मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. आईच्या कार्डावर बाबांचं नाव तिचं पहिलं आडनाव म्हणून पडलं, बँकेत ते दुसऱ्या नावात गेलं आणि विम्याच्या कागदावर गायबच. तीन ठिकाणी तीन बायका. पहिल्याच खिडकीपाशी पासपोर्ट उघडून बोट ठेवून दाखवा की आडनाव एवढंच, बाकीचं सगळं नाव.

मांडवी

हा धागा वाचून आमच्या गोंयकारांचं वेगळं प्रकरण सांगावंसं वाटतं. मी मडगांवचा, स्विंडनला बारा-पंधरा वर्षं काढली, आता पोर्तुगालमध्ये ताविराजवळ. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिक होऊ शकतात, हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. स्विंडनमध्ये आमचे हजारो लोक त्याच पासपोर्टवर आले.

त्यामुळे मला ९० दिवसांचं बंधन नाही. गावच्या कचेरीत नोंद केली, झालं. पण उलट बाजूही आहे. ब्रिटनमध्ये मला जो कायम वास्तव्याचा दर्जा आहे, तो सलग पाच वर्षं बाहेर राहिलं की जातो. मुलं स्विंडनला आहेत, म्हणून मी ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलीय. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना ही भीती नाही.

पोर्तुगालबद्दल थोडं. परदेशी पेन्शनवर आधी शून्य आणि नंतर १० टक्के कर लावणारी सवलत होती, तिच्यामुळे खूप ब्रिटिश लोक अल्गार्व्हला आले. ती योजना २०२३ च्या अखेरीस नव्या लोकांसाठी बंद झाली, संक्रमणातले काही अपवाद सोडून. जुन्या लेखांवर विसंबून कोणी येऊ नये.

रेडिंगकर

लग्नाच्या दाखल्याचं वाचून बायकोने लगेच कपाट उघडलं. आमच्याकडे आहे, पण मराठीत. चालेल का?

शेवंती

चालतो, फक्त अनुवादाचा टप्पा वाढतो. मराठीतून थेट स्पॅनिश करणारा मान्यताप्राप्त माणूस मिळणं कठीण. महापालिकेकडून द्विभाषिक किंवा इंग्रजी प्रत मिळत असेल तर तीच घ्या आणि अपॉस्टिल तिच्यावर करा. क्रम उलटा करू नका.

हिशेबनीस

लंडनमध्ये कराचं काम करतो, त्या अनुभवातून दोन-तीन मुद्दे. प्रत्येकाचं प्रकरण वेगळं असतं, तेव्हा स्वतःचा सल्लागार नेमा, हे आधीच सांगतो.

पहिला मुद्दा पेन्शनच्या प्रकाराचा. ब्रिटनची स्टेट पेन्शन (हप्ते भरलेल्या कुणालाही सरकारकडून मिळणारी) आणि खाजगी कंपनीची पेन्शन यांच्यावर स्पेनच्या रहिवाशाला फक्त स्पेनमध्ये कर. पण सरकारी नोकरीची पेन्शन, म्हणजे सिव्हिल सर्व्हिस, पोलीस, सैन्य, कौन्सिल, ही दोन देशांच्या करारानुसार ब्रिटनमध्येच करपात्र. ती स्पेनमध्ये करातून सुटते, तरी विवरणात दाखवावी लागते, कारण बाकीच्या उत्पन्नाला कोणता दर लागेल हे तिच्यामुळे ठरतं. लोक 'स्पेनमध्ये कर नाही' एवढंच ऐकतात आणि दाखवतच नाहीत. आपली पेन्शन नेमकी कुठल्या गटात येते ते पेन्शन देणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्या. आपल्याकडे डॉक्टर-शिक्षक मंडळी पुष्कळ आहेत, त्यांनी तर नक्कीच.

खाजगी पेन्शनवर ब्रिटनमध्ये आधीच कर कापला जात असेल तर स्पेनच्या कर खात्याचा रहिवासी दाखला जोडून ब्रिटनच्या कर खात्याकडे अर्ज करायचा. मग ते पेन्शनवर कर न कापण्याचा कोड देतात. वेळ लागतो, पण होतं.

दुसरा, नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे स्टेट पेन्शनसाठी हप्ते भरल्याची वर्षं. नव्या स्टेट पेन्शनची पूर्ण रक्कम मिळायला साधारण ३५ वर्षं लागतात, काहीही मिळायला किमान १०. पूर्ण पेन्शन २०२५-२६ मध्ये आठवड्याला २३०.२५ पौंड होती. रेडिंगकर, तुम्ही ब्रिटनमध्ये उशिरा आला असाल तर सरकारी संकेतस्थळावर तुमची वर्षं आजच बघा. परदेशात राहून वर्ग २ च्या स्वस्त हप्त्यांतून राहिलेली वर्षं विकत घ्यायची सोय एप्रिल २०२६ पासून काढून टाकली आहे. आता महागडा वर्ग ३, आणि त्यालाही अटी कडक झाल्या.

तिसरा, पुढे कधीतरी भारतात परतायचा विचार असेल तर स्टेट पेन्शनची वाढ. पण त्यावर इथे अनुभवी लोक आहेत.

कर्वेनगर

मीच तो अनुभवी. मी ब्रिटनमधून थेट पुण्याला परतलो. युरोपीय देशांत राहणाऱ्यांची स्टेट पेन्शन दरवर्षी वाढते, अगदी ब्रिटनमधल्यांइतकी. भारतात राहणाऱ्यांची वाढत नाही. परतलो त्या वर्षीचा आकडा गोठला तो गोठलाच. कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या लोकांचंही तेच. वर्षं पूर्ण भरली, हप्ते पूर्ण भरले, फरक फक्त पत्त्याचा. याचा मला मनापासून राग आहे आणि तो मी लपवत नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं त्या देशात कर भरला त्याला म्हातारपणी कुठे राहायचं हे पेन्शनच्या तक्त्याने का ठरवावं?

मुद्दाम लिहितोय, कारण 'आधी दहा वर्षं स्पेन, मग गुडघे थकले की पुणे' असा बेत बरेच जण करतात. करा जरूर. पण ज्या दिवशी पुण्याचे रहिवासी व्हाल त्या दिवसापासून वाढ थांबणार हे धरून चाला. पुण्यात कामाला बाई, स्वयंपाकाला बाई, डॉक्टर हाकेच्या अंतरावर, हे सगळं खरं आहे आणि मला परतल्याचा आनंदच आहे. पण बेत करताना वीस वर्षांचा आकडा मांडून बघा.

रेडिंगकर

हे मला अजिबात माहीत नव्हतं. धन्यवाद. आणि आजारपणाचं काय? तिथले दवाखाने आपल्याला बघतात का?

समुद्रकाठ

ब्रिटनची स्टेट पेन्शन सुरू झाली की एस-वन नावाचा फॉर्म मिळतो. त्याचा अर्थ तुमच्या उपचारांचा खर्च ब्रिटन स्पेनला देणार. ही सोय ब्रेक्झिटनंतर निवृत्त झालेल्यांनाही आहे. एनएचएसच्या (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) परदेशी विभागाकडून तो मागवायचा, इथल्या सामाजिक सुरक्षा कचेरीत नोंदवायचा, मग आरोग्य केंद्रातून कार्ड. आमच्या केंद्रातल्या डॉक्टरबाई हळू, सुटं-सुटं स्पॅनिश बोलतात आणि चुकलं की पुन्हा सांगतात. औषधांना पेन्शनरांना किमतीच्या १० टक्के भरावे लागतात, त्यालाही उत्पन्नानुसार महिन्याची कमाल मर्यादा आहे.

तुमचं वय ६१. पेन्शनचं वय ६६ होतं, एप्रिल २०२६ पासून ते हळूहळू ६७ कडे चाललंय. म्हणजे मधली पाच-सहा वर्षं तुम्हाला एस-वन नाही. व्हिसासाठी खाजगी विमा लागेलच. एक वर्ष नोंदणीकृत वास्तव्य झालं की पैसे भरून सरकारी आरोग्यसेवेत शिरता येतं: पासष्टीच्या आत महिन्याला ६० युरो, नंतर १५७. त्यात औषधांवर सवलत नाही. जुनं दुखणं असेल, मधुमेह-रक्तदाब, तर खाजगी विमा कंपनी आधी काय म्हणते ते विचारा आणि मगच घराचा विसार द्या.

भारतात गेल्यावर यातलं काहीच चालत नाही. दिवाळीला पुण्याला जाताना प्रवास विमा काढा. कार्ड खिशात आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

द्राक्षमळा

फ्रान्समधून, दोर्दोन्य. इथेही ब्रिटिश लोकांची जुनी वस्ती. एस-वन इथेही चालतो. एकच गोष्ट नोंदवते: फ्रान्सच्या रहिवाशाने परदेशातलं प्रत्येक बँक खातं दरवर्षीच्या विवरणात दाखवायचं असतं, त्यात रक्कम किती हे बघत नाहीत. नाही दाखवलं तर खात्यामागे १,५०० युरो दंड होऊ शकतो. आपली पंचाईत अशी की सासऱ्यांबरोबर संयुक्त नावावर उघडलेलं तालुक्याच्या सहकारी बँकेतलं खातं, लग्नाआधीचं पोस्टातलं खातं, हे सगळं त्यात येतं. मी निघण्याआधी अशी पडून राहिलेली खाती बंद करून एकच ठेवलं. सगळ्यांनी तेच करावं असं वाटतं.

समुद्रकाठ

ताई, बरं झालं विषय काढलात. स्पेनमध्ये त्यासाठी 'मोदेलो ७२०' नावाचं माहितीपत्रक आहे. परदेशातली बँक खाती, गुंतवणूक आणि स्थावर असे तीन गट; कोणत्याही गटाची बेरीज ५०,००० युरोंच्या वर गेली की ३१ मार्चपर्यंत त्या गटाची माहिती द्यायची. याच्यावर कर नसतो. पूर्वी दंड भयंकर होते, युरोपीय न्यायालयाने २७ जानेवारी २०२२ ला ते बेकायदा ठरवले. पत्रक भरायचं मात्र तसंच आहे.

इथली इंग्रज मंडळी ब्रिटनमधलं खातं आणि शेअर दाखवतात. आपल्याला पुण्याचा फ्लॅट दाखवायचा असतो. नवरा-बायकोच्या नावावर असेल तर दोघांनी वेगवेगळं पत्रक भरायचं आणि प्रत्येकाने पूर्ण किंमत लिहून आपला हिस्सा सांगायचा. किंमत म्हणजे खरेदीची, आजच्या बाजारभावाची नव्हे. सातबारा किंवा इंडेक्स टू आणि खरेदीखत हाताशी ठेवा. गावच्या वडिलोपार्जित जमिनीत नाव लागलं असेल तर तीही यात मोडते.

आणि जे बहुतेकांना ठाऊक नसतं: तो फ्लॅट बंद ठेवलात, भाड्याने दिला नाहीत, तरी स्पेनच्या विवरणात त्याचं काल्पनिक उत्पन्न धरतात. परदेशातल्या घराला ढोबळमानाने खरेदी किमतीच्या निम्म्यावर १.१ टक्का. रक्कम थोडी असते, पण ती ओळ भरावी लागते. भाड्याने दिला तर भारतात कर, तो स्पेनच्या करातून वजा, दोन देशांत तसा करार आहे.

एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या ठेवीचं व्याज भारतात करमुक्त, इथे नाही. गेल्या वर्षी दोन मराठी कुटुंबांना हे सांगितलं तेव्हा त्यांचे चेहरे उतरले. पण आधी कळलेलं बरं. भारतीय बँकेला पत्ता बदलल्याचंही कळवा, ब्रिटनचा पत्ता तसाच ठेवला की पुढे केवायसीच्या वेळी खातं अडकतं.

शेवंती

खाती अडकण्यावरून. ब्रिटनमधल्या अनेक बँकांनी २०२० च्या अखेरीस युरोपात राहणाऱ्यांची खाती बंद केली. अजूनही पत्ता बदलला की काही बँका नोटीस पाठवतात. निघण्याआधी आपल्या बँकेला सरळ विचारा आणि एक खातं असं ठेवा की जे परदेशी रहिवाशाला चालतं. पौंडाचे युरो करताना नेहमीच्या बँकेचा दर आणि वाईज किंवा रेव्होल्यूट अशा पैसे पाठवणाऱ्या ॲपचा दर एकाच वेळी समोर ठेवून बघा. स्टेट पेन्शन न्यूकॅसलच्या आंतरराष्ट्रीय पेन्शन केंद्राकडून थेट स्पॅनिश खात्यात युरोंतही येते.

हिशेबनीस

आणि दर बदलतो हे धरून घरखर्च मांडा. २०१५ च्या उन्हाळ्यात एका पौंडाला १.४० युरोंच्या आसपास मिळत. जून २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर तो घसरला आणि पुढे बहुतांश काळ १.१० ते १.२० च्या पट्ट्यात राहिला. पेन्शन पौंडात तेवढीच आणि हातात येणारे युरो कमी. १.४० च्या दराने कर्जाचे हप्ते ठरवून गेलेले लोक मी पाहिले आहेत, फार ओढगस्तीत दिवस गेले त्यांचे.

रेडिंगकर

रोजचा खर्च कसा? लोक म्हणतात अर्ध्यात भागतं.

समुद्रकाठ

भाजी, फळं, ऑलिव्ह तेल, मासळी, बाहेरचं जेवण हे ब्रिटनपेक्षा नक्की स्वस्त. बेसन साध्या दुकानात मिळतं. कोथिंबीर, भेंडी, हिरव्या मिरच्या मोरोक्कन लोकांच्या दुकानात. तूप-पेढे ब्रिटनहून आणू नका. ब्रेक्झिटनंतर तिथून दूध-मांसाचे पदार्थ प्रवासी सामानात आणायला बंदी आहे. मुलीने राखीबरोबर पाठवलेलं पार्सलसुद्धा सीमाशुल्कात थांबतं. भेटवस्तू ४५ युरोंपर्यंतचीच शुल्काविना येते.

पण थंडीचा खर्च कुणी सांगत नाही. डिसेंबर-जानेवारीत बाहेर उन्हात स्वेटर काढावा लागतो आणि घरात शिरलं की लादी पायाला झोंबते. जुन्या घरांना हीटिंग नसतं, भिंतींना ऊब धरून ठेवणारा थर नसतो. केशरी गॅसची टाकी जिन्याने वर चढवायची आणि चाकांचा हीटर खोलीखोलीतून ढकलायचा, हे वयाच्या सत्तरीला करावं लागतं. घर हिवाळ्यात बघा, जुलैत सगळीच घरं छान दिसतात. ब्रिटन सरकार पेन्शनरांना थंडीसाठी जी रक्कम देतं, ती स्पेनमधल्यांना २०१५ पासून बंद झाली, कारण इथलं सरासरी तापमान जास्त. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांना तो निर्णय अजून पटलेला नाही, आणि जानेवारीत त्यांच्या खोलीत बसलं की मलाही पटत नाही.

वीज घेताना किती किलोवॉटचा भार मंजूर आहे ते बघा. आमच्याकडे ३.४५ आहे. ओव्हन, एसी आणि मिक्सर एकदम लावले की मुख्य खटका पडतो. भार वाढवला की दर महिन्याचा स्थिर आकार वाढतो, म्हणून आम्ही वाढवला नाही. कपडे रात्री बारानंतर किंवा शनिवार-रविवारी धुतो, तेव्हा दर सर्वांत कमी.

शिवाय इमारतीचा सोसायटी खर्च आणि घरपट्टी. आमच्या प्रांतात घरपट्टी 'सुमा' नावाची संस्था गोळा करते. बँकेतून आपोआप जाईल असं करून ठेवा. गावी गेलात आणि मुदत चुकली तर दंडाची नोटीस स्पॅनिशमध्ये दारात पडते.

आता एक जड विषय. शेजारच्या इंग्रज बाईंचे यजमान गेले. दोघांचं मृत्युपत्र इंग्लंडमध्ये केलेलं, स्पेनमध्ये काही नाही. मी त्यांच्याबरोबर गेस्तोरकडे, म्हणजे सरकारी कागदपत्रांची कामं करून देणाऱ्याकडे, गेलो होतो. बिस्किटांच्या डब्यातून त्या एकेक कागद टेबलावर ठेवत होत्या: विजेचं बिल, घराचं खरेदीखत, यजमानांचं कार्ड. गेस्तोर प्रत्येक कागद बघून हळूच बाजूला सारत होता. संयुक्त खात्यातला यजमानांचा हिस्सा बँकेने थांबवला. माद्रिदच्या नोंदणीतून मृत्युपत्राचा दाखला मागवायचा, इंग्लंडमधलं मृत्युपत्र प्रमाणित करून, अपॉस्टिल लावून, भाषांतर करून आणायचं, आणि वारसा कर मृत्यूपासून सहा महिन्यांच्या आत. दुःखात असलेल्या माणसाच्या डोक्यावर हे सगळं एकदम. आमच्या वॅलेन्सिया या स्वायत्त प्रदेशात २०२३ पासून जोडीदार आणि मुलांना वारसा करात ९९ टक्के सूट आहे, म्हणून कर जवळजवळ लागला नाही. पण कागद चुकत नाहीत.

आम्ही त्याच आठवड्यात नोटरीकडे जाऊन स्पेनपुरतं मृत्युपत्र केलं. खर्च फार नाही. स्पेनच्या कायद्यात मुलांचा हिस्सा ठरलेला असतो. पण १७ ऑगस्ट २०१५ पासून लागू असलेल्या युरोपीय नियमाने 'माझ्या नागरिकत्वाचा कायदा लागू करा' असं मृत्युपत्रात लिहिता येतं. म्हणजे सगळं आधी पत्नीला देता येतं. ते वाक्य स्पष्ट हवं. आणि नव्या मृत्युपत्रात 'आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द' असं सरसकट लिहू देऊ नका, नाहीतर इंग्लंडचं आणि पुण्याचं दोन्ही रद्द होतील. कोणतं मृत्युपत्र कोणत्या देशातल्या मालमत्तेचं, ते प्रत्येकात लिहा.

कर्वेनगर

यात भारताची भर. पुण्याच्या फ्लॅटसाठी वेगळं मृत्युपत्र पुण्यात करा, साक्षीदार पुण्यातले आणि वयाने लहान. बँकेत नॉमिनी आहे म्हणून निश्चिंत राहू नका, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरही नाव बघून घ्या.

मांडवी

आमच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा कौटुंबिक कायदा चालतो, नवरा-बायकोची मालमत्ता सामान्यतः निम्मी-निम्मी. गोव्यात घर असलेल्यांनी तिथल्याच नोटरीला विचारावं, पुण्या-मुंबईच्या सल्ल्यावर जाऊ नये.

रेडिंगकर

आज दिवसभर दोघं हेच वाचत होतो. ठरलंय असं: वसंतात ब्रिटनमधलं घर विक्रीला काढायचं, पेन्शनची एकरकमी रक्कम त्याच काळात उचलायची, जानेवारीत दोन आठवडे भाड्याच्या घरात राहून थंडी बघायची, आणि सगळं जमलं तर त्या वर्षीच्या ऑगस्टनंतर मुक्काम. गाडीच्या परवान्याचं तेवढं सांगा, बायकोला गाडीशिवाय जमणार नाही.

शेवंती

परवाना बदलून मिळतो, पुन्हा परीक्षा नाही. दोन देशांचा करार १६ मार्च २०२३ पासून लागू आहे. त्याआधी दहा-अकरा महिने इथले ब्रिटिश लोक गाड्या दारात उभ्या करून बसने फिरत होते. रहिवासी झाल्यावर ब्रिटिश परवाना सहा महिने चालतो, तेवढ्यात अर्ज करा. डोळे तपासतात आणि दोन्ही हातांनी पडद्यावरच्या रेषा सांभाळायची एक चाचणी असते, काकूंना सहज जमेल. पासष्टीनंतर परवाना दर पाच वर्षांनी नवा करायचा. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून कार्ड हातात पडलं की त्याच दिवशी साइटवर बसा.

समुद्रकाठ

आणि जानेवारीत याल तेव्हा कळवा. जेवायला आमच्याकडे या. वरच्या आजोबांनाही बोलावतो, त्यांनी इथे घर घेतलं तेव्हापासूनच्या सगळ्या पावत्या जपून ठेवल्या आहेत, त्या बघितल्यात तर वर्षाचा खरा खर्च कळेल.